सही सरांची, वाचलं कुणी?

बेळगावच्या खडेबाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात एप्रिल-मे महिन्यात उभं राहायला जागा नसते. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, स्पायरल, लॅमिनेशन. प्रोजेक्ट जमा करायची तारीख दोन दिवसांवर आली की निम्म्या शहराची बी.कॉम., बीबीए, बीसीएची पोरं तिथंच सापडतात.

गेल्या आठवड्यात तिथं एक मुलगी भेटली. खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं इंग्रजीतून बी.कॉम. हातात बाइंडिंग झालेला प्रोजेक्ट. पहिल्याच पानावर लाल शाईत शेरा: ‘एआय ८२ टक्के. परत लिहा.’

विषय कोणता? तिच्याच गावातले महिला बचत गट.

पिशवीतनं तिनं कच्ची वही काढली. दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी फिरून १९ बायकांकडून लिहून घेतलेली माहिती. नावं मराठीत, आकडे पेन्सिलनं, खाडाखोड, आणि एका पानावर कुणाच्या तरी लेकरानं ओढलेली आडवी रेघ. असली रेघ कुठलं यंत्र ओढतं?

‘‘सरांना वही दाखवलीस?’’

‘‘दाखवत होते. सर म्हणाले, सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही.’’

बोलतं. आणि हे मी म्हणत नाही, ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं ते म्हणतात.

ओपनएआय कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये यंत्राचं लिखाण ओळखणारं एक साधन बाजारात आणलं. त्यांच्याच चाचणीत त्या साधनानं यंत्रानं लिहिलेल्या १०० मजकुरांपैकी २६ च ओळखले. उलट माणसांनी लिहिलेल्या १०० पैकी ९ मजकुरांवर यंत्राचा शिक्का मारला. जुलै २०२३ मध्ये, अचूकता कमी आहे असं सांगून कंपनीनं ते साधन बंद केलं. सहा महिनेही टिकलं नाही.

बनवणाऱ्यांना जे जमलं नाही, ते आपल्या सरांना एका बटणात जमलं?

ही सॉफ्टवेअरं चोरी पकडत नाहीत, अंदाज बांधतात. वाक्यात पुढचा शब्द कोणता येणार हे जितकं सहज ओळखता येतं, तितकं ते लिखाण यंत्राचं, असा त्यांचा ढोबळ हिशेब. आता असं सरळ, ठरावीक, पाठ केल्यासारखं इंग्रजी कोण लिहितं? ज्यानं इंग्रजी घरात ऐकलं नाही, गाइडमधून शिकलं, तो लिहितो. चूक होऊ नये म्हणून ठाऊक असलेल्या वाक्याच्या बाहेर पाऊल टाकत नाही, तो लिहितो.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोजून दाखवलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांतून काढले. सरासरी ६१ टक्के वेळा माणसाच्या लिखाणाला यंत्राचं ठरवण्यात आलं. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सहीसलामत सुटले.

खानापूर, चिक्कोडी, हुक्केरी, निपाणीहून सकाळची बस पकडून येणारी आपली पोरं यातल्या कुठल्या रांगेत उभी आहेत, हे सांगायला स्टॅनफर्डची गरज आहे का?

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑगस्ट २०२३ मध्ये असलं साधन आपल्याकडं बंदच केलं. आपल्याकडं त्याच्या टक्क्यावर लाल शाईचा शेरा पडतो.

इथं आणखी एक घोळ आहे, आणि तो शिकवणाऱ्यांनी तरी घालू नये. यूजीसीनं २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. त्यात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर अशा पायऱ्या आहेत, आणि पायरीप्रमाणे कारवाई. हे टक्के साम्याचे आहेत. कुठलं वाक्य कुठून उचललं, ते रिपोर्टात रंगवून दाखवलेलं असतं. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून कुणीही पडताळू शकतो. एआयचा टक्का शेजारी काय ठेवतो?

काहीच नाही. फक्त आकडा.

साम्याच्या टक्क्याला पुरावा असतो, म्हणून त्याला नियम आहे. पुराव्याशिवायच्या आकड्याला तोच नियम लावून पोरीला दोषी ठरवायचं, हा न्याय झाला?

सोनीपतच्या एका खासगी विद्यापीठात २०२४ मध्ये एलएल.एम.च्या विद्यार्थ्याचं उत्तर ८८ टक्के एआयचं ठरवून त्याला नापास केलं गेलं. तो स्वतः वकील. थेट पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेला. विद्यापीठानं पास केल्याचं नवं गुणपत्रक दिलं आणि याचिका निकाली निघाली.

वकील होता म्हणून.

खानापूरच्या मुलीनं कुठं जायचं? धारवाडचं खंडपीठ बसनं दोन तासांवर आहे, पण वकिलाची फी कुठल्या बचत गटातनं काढायची?

आता त्याच दुकानातली दुसरी गोष्ट. मी शेरा वाचून चिडलोय हे बघून दुकानदारानं काउंटरखालून एक गठ्ठा काढला. दुसरं कॉलेज, दुसरे सर. चाळीस प्रतींची क्वेश्चन बँक, पोरांना वाटायला दिलेली. शेवटचं पान त्यानं माझ्यापुढं धरलं. शेवटच्या प्रश्नाखाली इंग्रजीत एक ओळ राहून गेली होती: हवं असल्यास मी याच प्रश्नांची नमुना उत्तरंही तयार करून देऊ शकतो.

ही ओळ सरांची नव्हे, यंत्राची.

‘‘दोन्हीबी मीच झेरॉक्स काढलो की ओ,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘पोरीला शेरा. सरांना कोण शेरा मारणार?’’

सरांनी यंत्र वापरलं याचा मला राग नाही. वापरावं. शेवटचं पान न वाचता ते चाळीस पोरांच्या हातात दिलं, याचा आहे. डोळ्यांखालनं घातलं असतं तर ती ओळ दिसली नसती का? आणि ती ओळ दिसली नाही, तर वरचे प्रश्न तरी पाहिले कशावरून?

बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात २०२५ मध्ये हेच झालं. प्राध्यापकाच्या नोट्समध्ये यंत्राला दिलेली सूचना तशीच राहिली. विद्यार्थिनीनं त्या विषयाची फी परत मागितली, आठ हजार डॉलरच्या घरात. विद्यापीठानं दिली नाही, पण प्रश्न जगभर गेला. आम्हाला मनाई असलेलं यंत्र तुम्ही आम्हाला न सांगता कसं वापरता?

आपल्याकडं हा प्रश्न वर्गात कोण विचारेल? इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात असतात.

म्हणून पोरानं विचारायची वाट बघू नये. शिकवणाऱ्यानं आधी सांगावं.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. हे सर आळशी आहेत म्हणून असं होतं, असं म्हणणं सोपं आहे आणि बऱ्याचदा खोटं आहे. कर्नाटकातल्या सरकारी पदवी कॉलेजांचा गाडा दहा हजारांच्या आसपास अतिथी व्याख्यात्यांवर चालतो. कन्नडात अतिथी उपन्यासक, आपल्या तोंडी ‘गेस्ट’. निपाणीतून दोन पावलं पलीकडं गेलं की अर्जुननगर. तिथल्या देवचंद कॉलेजचा पत्ता तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, विद्यापीठ शिवाजी, पोरं मात्र निपाणी आणि आसपासच्या खेड्यांतलीही. रस्ता तोच, राज्य बदलतं, आणि ‘गेस्ट’च्या जागी महाराष्ट्रातला शब्द येतो: ‘सीएचबी’. तासावर पैसे. सुट्टीत पैसे नाहीत. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, माहीत नाही.

सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मधल्या वेळेत नॅकच्या फायली. अशा माणसाला कुणी म्हणालं, तीस सेकंदांत प्रश्नपत्रिका देतो, तर तो नको म्हणेल?

सीमेच्या दोन्ही बाजूंची सरकारं भाषेवरून भांडतात. शिक्षकाला कायम न करण्याबाबत मात्र दोघांचं एकमत आहे. प्राध्यापकांसाठी एआयच्या कार्यशाळा भरवण्याआधी रिकाम्या जागा भरा. निम्मा गैरवापर तिथंच थांबेल.

पण उरलेला निम्मा? त्यात कायम नोकरीवालेही आहेत. त्यांना वेळ नाही, हे कारण चालत नाही.

चांगला वापर कसा असतो, तेही पाहिलंय. ओळखीचे एक अकाउंट्सचे प्राध्यापक आहेत. त्यांनी यंत्राकडनं ताळेबंदाची दहा गणितं काढून घेतली. उदाहरणं इथलीच: कुंद्याचं दुकान, शहापूरचा साडीवाला, निपाणीची तंबाखूची वखार. मग रात्री बसून दहाही स्वतः सोडवली. दोन जुळेनात. यंत्रानं घसारा एका ठिकाणी दोनदा वजा केला होता, आणि दुसऱ्या गणितात येणं-देणं उलटं मांडलं होतं.

त्यांनी ती दोन गणितं काढून टाकली नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, ‘‘ही दहा गणितं मशीननं काढलीत. दोन चुकली आहेत. कुठली, ते शोधून काढा.’’

पोरं तासभर वहीतून डोकं वर काढेनात. घसारा म्हणजे काय, हे त्या तासाला जितकं कळलं तितकं वर्षभरात कळलं नसेल.

यात काय अवघड होतं? आधी स्वतः सोडवणं. मग खरं सांगणं. याला ना कार्यशाळा लागते, ना प्रमाणपत्र.

तसंच कन्नड परिपत्रकाचं. मराठी शाळेतून आलेल्या पोरांना स्कॉलरशिपचं परिपत्रक यंत्रातून मराठी करून दिलं तर उपकारच. फक्त शेवटची तारीख आणि उत्पन्नाची मर्यादा मूळ कागदाशी ताडून बघा. तिथं एक आकडा चुकला तर पोराची फी बुडते, यंत्राचं काही जात नाही.

मदत घेण्याला हरकत नाही. पण मार्क?

तिथं थांबायचं.

घाईघाईनं यंत्र आणलं की निकालाचं काय होतं, हे मराठी माणसानं २०१७ मध्ये मुंबईत बघितलंय. मुंबई विद्यापीठानं ऐन परीक्षेच्या तोंडावर ठरवलं की सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या. ४७७ परीक्षा, १७ लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका. शिक्षकांची पुरती तयारी नाही, स्कॅनिंगचा गोंधळ, उत्तरपत्रिका सापडेनात. ४५ दिवसांत लागायचे निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

कुलगुरू गेले. ज्यांचे पुढचे प्रवेश हुकले, त्यांचं वर्ष कुणी परत दिलं?

आणि लक्षात घ्या, तिथं यंत्र उत्तरपत्रिका तपासत नव्हतं. फक्त दाखवत होतं. आपल्या बेळगावच्या तांत्रिक विद्यापीठानं, व्हीटीयूनं, उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायची पद्धत देशात फार लवकर आणली आणि रुळवली. पानं पडद्यावर, पण वाचणारे डोळे शिक्षकाचे. आता उत्तरपत्रिका आधीच स्कॅन होते, यंत्राला हस्ताक्षर वाचता येतं, मार्कही सुचवता येतात. एक पाऊल पुढं गेलं की डोळ्यांची गरज उरणार नाही. ते पाऊल कुणी न सांगता टाकलं, तर आपल्याला कळेल तरी का?

युरोपनं २०२४ च्या आपल्या एआय कायद्यात विद्यार्थ्याचं मूल्यमापन करणाऱ्या यंत्रणा ‘उच्च जोखमी’च्या यादीत टाकल्या. केरळ उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांना बजावलं: निर्णय देण्यासाठी एआय वापरायचं नाही. न्यायाधीशाला जे लागू, ते परीक्षकाला का नाही? दोघंही कुणाचं तरी आयुष्य एका सहीनं इकडचं तिकडं करतात.

सहीवरून आठवलं. डिसेंबर २०२४ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळूर खंडपीठाचा एक आदेश आला. त्यात दाखले होते ते कधी झालेच नव्हते अशा निकालांचे. आदेश मागं घ्यावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका कर अधिकाऱ्याचा करनिर्धारणाचा आदेश रद्द केला. तीन दाखले, तिन्ही अस्तित्वात नसलेले. सिस्टिमनं काढून दिलेलं डोळे झाकून वापरू नका, आधी पडताळा, असं न्यायालयाला सांगावं लागलं.

आता पीएच.डी.चे प्रबंध काढा आणि मागची संदर्भसूची तपासा. किती पुस्तकं सापडतील?

मराठीत हा धोका जास्त. यंत्रानं इंग्रजी जितकं वाचलंय त्याच्या पासंगालाही मराठी वाचलेलं नाही. जिथं माहीत नाही तिथं ते गप्प बसत नाही, रचून सांगतं. नावाजलेल्या लेखकाच्या नावावर त्यानं कधी न लिहिलेलं पुस्तक, शेजारी प्रकाशक, वर्ष, पृष्ठ क्रमांक. असली एक यादी मी पाहिली. सीमाभागातल्या साहित्यावरचा लेख, खाली बारा संदर्भ. शहरात १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. जाऊन विचारलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं की त्यातली चार पुस्तकं कुठल्याच कपाटात नाहीत, कारण ती छापलीच गेली नाहीत.

अर्धा तास. तेवढाही दिला नाही?

प्रत्येक प्रबंधाच्या सुरुवातीला मार्गदर्शकाचा दाखला असतो: हे काम माझ्या मार्गदर्शनाखाली झालं, ते मूळ आहे. खाली सही, शिक्का, तारीख. उद्या कुणी त्यातली चार खोटी पुस्तकं दाखवली, तर सही कुणाची निघेल? यंत्राची?

आणखी एक गोष्ट, ज्याबद्दल कुणी बोलतच नाही. वर्गाच्या याद्या, पोरांची उत्तरं, मेंटॉरनं लिहिलेल्या नोंदी: कुणाचे वडील वारले, कुणाची फी थकली, कुणाची जात कोणती, कोण मानसिक त्रासात आहे. रिपोर्ट झटपट व्हावा म्हणून हे सगळं फुकटच्या एआयमध्ये चिकटवलं जातं. ते कुठल्या सर्व्हरवर जातं, किती दिवस राहतं, चिकटवणाऱ्याला माहीत आहे? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीची भाषा बोलतो. पोरानं आपलं दुःख सरांना सांगितलं होतं.

सरांना. यंत्राला नव्हे.

कॉलेजं आता एआयचं ‘धोरण’ लिहायला बसली आहेत. लिहा. पण त्यात पहिलं कलम विद्यार्थ्यांसाठी नको. पहिलं कलम शिकवणाऱ्यांसाठी हवं: नोट्स कशा केल्या ते वर्गात सांगणार, मार्क स्वतः वाचून देणार, आणि सॉफ्टवेअरच्या आकड्यावर कुणालाही दोषी ठरवणार नाही. शंका आली तर पोराला समोर बसवून विचारणार.

विचारणं एवढं जड आहे का? दहा मिनिटं लागतात. ज्यानं लिहिलंय तो बोलायला लागतो. ज्यानं उतरवलंय तो पहिल्या दोन प्रश्नांत अडखळतो. तोंडी परीक्षा हे आपल्या शिक्षणातलं सगळ्यात जुनं साधन. ते असताना टक्के काढत बसायची वेळ का यावी?

त्या मुलीला मी विचारलं, ‘‘गटात व्याज कसं लावतात?’’

ती बोलायला लागली. दोन रुपये शेकडा, पण बाळंतपणाला घेतलं तर एक. हा नियम कुठं लिहिलेला नाही, बायकांनी आपसात ठरवलेला. काजूच्या हंगामात हप्ते वेळेवर येतात, पावसाळ्यात तुंबतात. एका बाईनं नवऱ्याच्या दारूपायी हप्ता चुकवला, तर बाकीच्यांनी घरी जाऊन नवऱ्यालाच बसवून घेतलं. तिसऱ्या महिन्यात पैसे आले. वीस मिनिटं ती बोलत होती, वही न उघडता. रांगेतली दोन पोरं आपली झेरॉक्स विसरून ऐकत राहिली.

‘‘हे प्रोजेक्टमध्ये लिहिलंस का?’’

‘‘नाही. असलं लिहिलं तर इंग्रजी चुकेल म्हणून पुस्तकातल्यासारखं लिहिलं.’’

तिच्या सरांनी वर्षभरात तिला हा एक प्रश्न विचारला असता, तर प्रोजेक्ट वेगळाच झाला असता.

सोमवारी ती पुन्हा सरांना भेटणार आहे. कच्ची वही घेऊन. दुकानदारानं ती तिच्या हातातनं घेतली आणि पानं उघडून मशीनवर ठेवायला सुरुवात केली. पेन्सिलचे आकडे फिके येत होते, त्यानं शाई गडद केली. ६४ पानं झाली. तिनं पाकीट काढलं, त्यानं हात आडवा केला.

‘‘असल वही देऊ नको त्यांना,’’ तो म्हणाला. ‘‘झेरॉक्स दे. ही तुझ्याकडंच ठेव.’’